एका ओवीवर किती दिवस?

गोव्यात मराठीचा कार्यक्रम कुठलाही असो, पुस्तक प्रकाशन असो नाहीतर शाळेचं स्नेहसंमेलन, सूत्रसंचालक एकदा तरी ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ म्हणणारच. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातली, मराठीची थोरवी गाणारी ही ओवी. ती झाली की टाळ्या पडतात, व्यासपीठावरचे मान डोलावतात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. ख्रिस्तपुराणात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. उरलेल्या ओव्यांत काय आहे, हे त्या सभागृहात कुणाला विचारायची सोय नाही. ग्रंथ तिथे वाचायला आणलेला नसतोच. शाल-श्रीफळासारखा मिरवायला आणलेला असतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून तर या ओवीला सुट्टीच नाही. दर्जा मिळाल्याचा आनंद मलाही झाला. पण त्या निमित्तानं एक जुनाच वाद नव्यानं वर आला आहे: चौफेर वाचक म्हणवून घ्यायचं तर अभिजात साहित्य वाचायलाच हवं का? एका बाजूला आमचे निवृत्त शिक्षक आणि वाचनालयांचे जुने कार्यकर्ते. ज्यानं ज्ञानेश्वरी उघडली नाही, गाथा चाळली नाही, त्यानं बाकी काहीही वाचलं तरी ते बिनबुडाचं, असं यांचं ठाम मत. दुसऱ्या बाजूला कॉलेजातली किंवा नुकती नोकरीला लागलेली मुलं. ही मोबाइलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचतात, जपानी लेखकांचे अनुवाद मागवतात, चित्रकादंबऱ्यांवर तासभर बोलू शकतात. ‘शाळेत दोन अभंग आणि चार ओव्या संदर्भासह स्पष्टीकरणापुरत्या झाल्या, तेवढं पुरे,’ असं त्यांचं म्हणणं.

माझं म्हणणं सरळ सांगून टाकतो. यादी पाठ करायची काही गरज नाही. पण आपल्या काळाची गंधवार्ता नसलेला, आपल्याला डोळ्यांपुढे न ठेवता लिहिलेला निदान एक जुना ग्रंथ नेटानं वाचल्याशिवाय वाचक पुरा होत नाही. आणि यात ‘जमलं तर बघा’ अशी सवलत द्यायला मी तयार नाही.

आधी यादीचं बघू. अभिजात ग्रंथांची म्हणून जी यादी आपल्या डोक्यात असते ती काही आभाळातून पडलेली नाही. विद्यापीठांचे अभ्यासक्रम, प्रकाशकांच्या आवृत्त्या, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या यांतून ती घडत गेली आणि हे सगळं मुख्यतः पुण्या-मुंबईत झालं. त्या यादीत गोवा येतो तो बहुतेक वेळा बा. भ. बोरकरांच्या चार कवितांपुरता. बोरकर थोरच, त्यात वाद नाही. पण बोरीचा हा कवी मराठीत आणि कोकणीत, दोन्हींकडे तितक्याच मनापासून लिहीत होता; यादीला त्यातली एकच बाजू दिसते. सोहिरोबानाथ आंबिये यांचं ‘हरिभजनावीण काळ घालवू नको रे’ आमच्याकडच्या भजनांत आजही हमखास ऐकू येतं. यादीत सोहिरोबांना जागा मिळालीच तर तळटीपेत.

गोव्यातल्या वाचकाची अडचण याहून मोठी आहे. त्याच्या वाट्याला एक कपाट आलेलंच नाही. मराठीचं एक, कोकणीचं एक, तेही देवनागरी आणि रोमी (रोमन लिपी) अशा दोन खणांचं, पोर्तुगीजचं एक आणि आता सगळ्यांत भरलेलं इंग्रजीचं. नावेलीच्या फ्रांसिस्कु लुईश गोमिश यांनी ब्राह्मणांवरची आपली कादंबरी पोर्तुगीजमध्ये लिहिली ती १८६६ साली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ज्या ‘यमुनापर्यटन’चं नाव घेतो, ती १८५७ ची. म्हणजे अवघ्या नऊ वर्षांचं अंतर. पण १९६१ ला पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतर पोर्तुगीज वाचणारे घटत गेले आणि आजोबांचं कपाट नातवाला परकं झालं. गावकारीचे, म्हणजे गावचा कारभार पाहणाऱ्या जुन्या संस्थेचे, दस्तऐवज ज्या गोंयकानडी लिपीत आहेत, ती तर वाचणारी माणसं आता शोधावी लागतात. अशा ठिकाणी नेमक्या कुठल्या कपाटातली यादी सक्तीची करायची? म्हणून कुणी माझ्यापुढे ‘वाचलेच पाहिजेत असे पन्नास ग्रंथ’ ठेवले की मी आधी विचारतो, हे निवडले कुणी?

यादीवाले आणखी एक गोष्ट विसरतात. गोव्यात जुनं साहित्य लोकांनी डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त घेतलं. मखरोत्सवातलं कीर्तन, सप्ताहातलं भजन, श्रावणातलं पोथीवाचन आणि जत्रा-काल्याच्या रात्री होणारं मराठी नाटक. फोंडा तालुक्यातल्या एका गावी अशा नाटकाची तालीम मी पाहिली आहे. देवळाच्या अग्रशाळेत बल्बच्या उजेडात सगळे बसलेले, पेटीवाला अजून यायचा होता. नाटक ‘संगीत शारदा’. गोविंद बल्लाळ देवलांनी ते लिहिलं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, रंगभूमीवर आलं १८९९ मध्ये. पैशाच्या लोभापायी पोटच्या पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप त्यात आहे, कांचनभट. तो करणारा गडी पूर्वी खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हापासून मिळेल ती गाडी चालवायचा. दिग्दर्शक नवा, शहरातून आलेला. त्याला कांचनभट आरडाओरडा करणारा, प्रवेश घेताच ओळखू येणारा खलनायक हवा होता. हा ऐकेना. ‘ताका आवाज चडवपाचो ना. तो घरचो बापूय,’ असं म्हणाला आणि लगेच देवलांच्या मराठीत कांचनभटाचं बोलणं करून दाखवलं. अगदी हिशेबी, समजावणीचा सूर. वाण्याकडची यादी वाचून दाखवावी तसा. दिग्दर्शकानं वही मिटली आणि ‘तसंच कर’ म्हणाला.

पोरीचा सौदा करताना ज्याला आवाज चढवावा लागत नाही, तो बाप ओरडणाऱ्यापेक्षा कितीतरी भयंकर. हे त्या ड्रायव्हरला कुठल्या समीक्षकानं सांगितलेलं नव्हतं. त्याच्याकडची नाटकाची प्रत कव्हर गेलेली, कोपरे दुमडलेली, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. वर्षानुवर्षं तीच. तो काही चौफेर वाचक नव्हे. त्याला विचाराल तर तो स्वतःला वाचकही म्हणवून घेणार नाही. पण शेकडो पुस्तकं चाळलेल्यांकडे जे पुष्कळदा नसतं ते त्याच्याकडे होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आपल्या सोयीचा न करून घेता, तो होता तसा समजून घ्यायचं. मला चौफेर वाचकाकडून हवं आहे ते एवढंच, आणि ते यादी पुरी केल्यानं येतंच असं नाही. यादी पुरी केलेले कितीतरी लोक मी पाहिलेत. त्यांना सगळ्या ग्रंथांची नावं, साल आणि ‘थोडक्यात आशय’ माहीत असतो.

मग नवीन पुस्तकांनी हे काम होत नाही का? काही प्रमाणात होतं. पण आजचं पुस्तक आपल्याला ओळखून लिहिलेलं असतं. आपल्या चिंता त्याला ठाऊक असतात, आपल्या शिव्या ठाऊक असतात, आपण कुठे हसणार आणि कुठे डोळे पुसणार याचा त्याला बऱ्यापैकी अंदाज असतो. यात वाईट काही नाही. मला स्वतःला झोपण्यापूर्वी रहस्यकथा लागते, आणि बाबूराव अर्णाळकरांनी मराठीला जितके वाचक मिळवून दिले तितके आमच्या मोठमोठ्या पारितोषिकप्राप्त लेखकांनी दिले असतील का, याची मला शंकाच आहे. पण ज्या पुस्तकाला आपण अपेक्षित आहोत, त्याच्याकडे आपण पाहुणा म्हणून जातो. पाट मांडलेला असतो. जुन्या ग्रंथाला आपण येणार हे ठाऊकच नसतं. तिथे आपली उठबस आपल्यालाच करावी लागते.

परदेशी पुस्तकही असंच अनोळखी असतं, असं कुणी म्हणेल. असतं. पण परका लेखक परका म्हणूनच भेटतो. त्याचं काही खटकलं तर ‘त्यांच्याकडे असंच चालतं’ म्हणून सुटता येतं. आपल्याच भाषेतला, आपल्याच तालुक्यातला चारशे वर्षांपूर्वीचा माणूस असा सुटू देत नाही. त्याच्याशी भांडावं लागतं. तो आपला असतो आणि नसतोही.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण त्या एका ओवीच्या मागे दडलेलं आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

स्टीफन्स इंग्लंडमधले, जन्म १५४९ चा. १५७९ मध्ये ते गोव्यात पोचले आणि १६१९ मध्ये वारले. मधली चाळीस वर्षं मुख्यतः दक्षिण गोव्यातल्या साष्टीत गेली. साष्टीची ती वर्षं कसली होती? ते येण्याच्या बारा वर्षं आधी, १५६७ मध्ये, रायतूरच्या किल्ल्यावरच्या पोर्तुगीज कप्तानानं साष्टीतली देवळं पाडली होती. ते आल्यावर चार वर्षांनी, १५८३ मध्ये, कुंकळ्ळीत लोक उठले, पाच जेझुइट मारले गेले आणि त्याची भयंकर किंमत कुंकळ्ळीच्या गावकारांनी मोजली. पोथ्या जप्त होत होत्या, जाळल्या जात होत्या. अशा मुलखात बसून या पाद्र्यानं कोकणी शिकून घेतली, तिचं व्याकरण लिहिलं, ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरं कोकणीत लिहिली. आणि ख्रिस्ताची कथा सांगायची वेळ आली तेव्हा ओवी घेतली, पुराणाची मराठी घेतली. का? लोकांना कथा ऐकायची सवय त्याच भाषेत होती. घरी कोकणी, पण पोथी मराठी, ही साष्टीची आणि पुष्कळ अंशी आपलीही जुनी रीत.

ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक स्थानिक माणूस उठून पाद्रीला म्हणतो: तुम्ही दोत्रिन (धर्माची प्रश्नोत्तरं) शिकवता ते बरं आहे, पण आमची मागची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का करून देत नाही? ही मागणी स्टीफन्स यांनी स्वतः आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. मला मराठी वाङ्मयात वाचकाचं इतकं उघडं गाऱ्हाणं दुसरीकडे आढळलेलं नाही. ज्याचं देऊळ गेलं, ज्याचं नाव बदललं, तो माणूस मागतोय काय, तर कथा. नियम आणि प्रश्नोत्तरं त्याला पुरत नाहीत. रात्री बसून म्हणायला, ऐकायला त्याला लांबलचक, रसाळ, जुन्या वळणाचं काहीतरी हवं आहे. अभिजात साहित्याची माणसाला गरज असते का, या प्रश्नावर मला कुणी साक्षीदार मागितला तर मी या अनामिक साष्टीकराला उभं करीन. त्याला चौफेर वाचक व्हायचं नव्हतं. त्याला नुसतं जगायचं होतं, आणि पुराणावाचून त्याचं अडलं होतं.

आता यातली दुसरी बाजूही त्याच ओव्यांत आहे. ज्या संस्थेनं त्याचं पुराण हिरावलं तीच त्याला नवं पुराण देते आहे. ग्रंथ सुंदर आहे आणि तो ज्या हातांनी दिला ते हात स्वच्छ नाहीत. हिंदू वाचकाला वाटतं, या ग्रंथाचं कौतुक करावं तर पाडलेल्या देवळांचं काय करायचं? ख्रिस्ती वाचकाला वाटतं, हा आमचा ग्रंथ, मग त्याची भाषा आम्हाला परकी का झाली? मराठीवाला म्हणतो, बघा, गोव्याची ग्रंथभाषा मराठी. कोकणीवाला म्हणतो, बघा, त्या मराठीत कोकणी किती मिसळली आहे. चौघांचंही खरं आहे. पण हे चौघं एकमेकांशी जे भांडतात ते ग्रंथ न वाचता, एका ओवीवर नाहीतर एका फर्मानावर. स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिका, असं १६८४ चं पोर्तुगीज सरकारचं फर्मान आहे. ते आमच्या भाषणांत ओवीइतकंच वापरलं जातं. एका बाजूला ओवी, दुसऱ्या बाजूला फर्मान, आणि मधल्या अकरा हजार ओव्यांकडे कुणाचं लक्ष नाही. ज्यानं त्यातल्या हजारभर जरी वाचल्या, त्याला असं एका वाक्याचं भाषण करता येणार नाही. त्याच्या बोलण्यात ‘पण’ येईल. सार्वजनिक वादात ‘पण’ म्हणणारा माणूस कुणालाच आवडत नाही, हेही खरं.

आणि हा ग्रंथ टिकला कसा ते पाहा. पहिल्यांदा छापला १६१६ मध्ये रायतूरला, रोमी लिपीत. १६४९ आणि १६५४ ला पुन्हा छापला. या तिन्ही छापांची एकही प्रत आज हाती नाही. फर्मानानंतरही लोक हातानं नकला करत राहिले, आणि गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या ख्रिस्ती घरांतून त्या मंगळूरपर्यंत पोचल्या. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणांनी मंगळूरला तशाच हस्तलिखितांवरून तो छापला, पुन्हा रोमीतच. देवनागरीत तो छापून आला १९५६ साली पुण्यात, शांताराम बंडेलूंच्या संपादनानं. म्हणजे मराठी वाचकाच्या लिपीत छापील ग्रंथ यायला तीनशे चाळीस वर्षं लागली. या मधल्या काळात त्याला अभिजात म्हणणारं कुठलं विद्यापीठ नव्हतं, की कुणी तो अभ्यासक्रमाला लावला नव्हता. तरी माणसं दिव्याखाली बसून हजारो ओव्या उतरून काढत होती.

अभिजात साहित्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो टाळून चालणार नाही. अभिजात म्हणजे वरच्या जातींनी निवडलेलं, वरच्या जातींचं भलं करणारं, हा तो आक्षेप. निवडीच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. गोव्यात देवळाच्या चौकात कीर्तन कुणी कुठे बसून ऐकायचं याचेही नियम होते, आणि ज्या कलावंत घराण्यांनी गोव्याचं संगीत उभं केलं त्यांची चरित्रं वाचली तर अभिजाततेची किंमत कुणी चुकवली ते कळतं. पण त्यामुळे ग्रंथच टाकून द्या म्हणणारे एक विसरतात. चोखामेळा त्याच कपाटात आहे. तुकोबा त्याच कपाटात आहेत, आणि ‘वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा’ असं ते कुणाला ऐकवत होते हे त्यांना वाचल्याशिवाय कळत नाही. ज्ञानेश्वरी स्वतःच संस्कृतची मक्तेदारी मोडून १२९० च्या सुमाराला गीता बोलीत आणणारी. कपाटाला कुलूप कुणी लावलं हा प्रश्न जरूर विचारावा. पण कुलूप लावणाऱ्यावरचा राग आतल्या पोथीवर काढला तर कुलूपवाल्याचंच काम सोपं होतं.

शाळेचं काय सांगावं. आठवी-नववीच्या पुस्तकात ओव्या येतात त्या शब्दार्थांच्या कुबड्या लावून, आणि परीक्षेत ‘संत काय म्हणतात?’ असं विचारलं जातं. संत काय म्हणतात याचं उत्तर दोन ओळींत आलं की मूल पास. त्यानंतर ते मूल पुन्हा कधी त्या ग्रंथाकडे फिरकलं नाही तर दोष मुलाला देता येणार नाही.

खरं म्हणजे ‘वाचायलाच हवं का’ हा प्रश्न एकट्या वाचकाला विचारणंच थोडं अन्यायाचं आहे. वाचायचं ठरवलं तर ग्रंथ हाताशी आहे का, हेही विचारायला हवं. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं, देशातल्या जुन्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. आता ते पाट्टोवरच्या भल्यामोठ्या इमारतीत आहे आणि त्याला नाव आहे कृष्णदास शामा यांचं. केळशीच्या या कवीनं १५२६ मध्ये मराठीत कृष्णचरित्र लिहिलं. स्टीफन्स जन्माला येण्याच्याही आधी. आमच्याकडे त्याचं नाव मराठीवाले घेतात, कोकणीवालेही घेतात, आणि दोघेही पुरावा म्हणून घेतात. त्याचं लिखाण मात्र ज्या रूपात टिकलं ते पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात, रोमी लिपीतल्या हस्तलिखितांत. इथल्या पाद्र्यांनी हिंदूंची पुराणं समजून घ्यायला ती उतरवून घेतली, म्हणून ती राहिली. ग्रंथालयाच्या दारावरचं नाव वाचून आत जाणाऱ्या विद्यार्थ्याला या माणसानं नेमकं काय लिहिलं ते वाचायचं असेल, तर त्याच्या हातात काय ठेवायचं?

जाड, पुठ्ठा बांधणीच्या, प्रस्तावनेचीच शंभर पानं असलेल्या संशोधन-आवृत्त्या विद्वानांसाठी असाव्यात, त्यांचं मोल मोठं आहे. सामान्य वाचकाला हवी आहे ती दीडशे पानांची निवड. डाव्या पानावर मूळ ओव्या, उजव्या पानावर आजच्या मराठीतला अर्थ, आणि खाली चार टिपा. किंमत फिशकरी-राईसच्या एका ताटाएवढी. ख्रिस्तपुराणाची अशी निवड, कृष्णदास शामांची, सोहिरोबांची. त्याच्या जोडीला कुणी चांगल्या आवाजात वाचून ठेवलेलं ध्वनिमुद्रण, कारण हे सगळं साहित्य मुळात ऐकण्यासाठीच रचलेलं आहे. अभिजात दर्जाच्या निमित्तानं परिसंवाद खूप होतील, कमानी उभारल्या जातील. त्यातल्या एका परिसंवादाच्या खर्चात अशी एखादी पुस्तिका निघू शकते. चहा-फराळ जरा बेतानं ठेवला की झालं.

आणि तोवर? तोवर ज्याला वाचायचं आहे त्यानं थांबू नये. मुलं मला विचारतात, सुरुवात कुठून करू, तेव्हा मी यादी देत नाही, पण दोन-तीन दारं दाखवतो. ज्ञानेश्वरी घ्यायची तर पहिल्या अध्यायापासून बसू नका, बारावा घ्या. लहान आहे आणि लवकर आपलंसं करतो. कविता जड जात असेल तर लीळाचरित्र घ्या. गद्य आहे, काही लीळा तर पाच-सात ओळींच्या, आणि तेराव्या शतकातली माणसं त्यात अशी बोलतात की शेजारच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटतं. नाटकाची ओढ असेल तर देवलांची संहिता मिळवा, गाणी बाजूला ठेवून नुसते संवाद वाचा, आणि कांचनभटाला ओरडू देऊ नका. ख्रिस्तपुराणात शिरायचं तर त्याच्या पहिल्या भागाच्या, ‘पहिल्या पुराणा’च्या, आरंभातून, जिथे तो साष्टीकर उठून आपलं मागणं मांडतो.

मोठ्यानं वाचावं. घरात कुणी हसलं तर हसू द्यावं. प्रत्येक शब्दाला अडून कोश उघडत बसलात तर दुसऱ्या पानावरच दमाल. अर्थ निसटला तरी ओवीच्या लयीबरोबर दोन पानं पुढे जावं, मागचा अर्थ पुष्कळदा पुढे लागतो. आवडलं नाही तर का आवडलं नाही ते वहीत लिहून ठेवावं, त्या कवीशी भांडण असेल तर तेही लिहावं. पन्नासेक पानांनंतरही मन लागलं नाही तर तो ग्रंथ ठेवून खुशाल दुसरा घ्यावा. फक्त तो दुसराही जुनाच असावा, एवढी एक अट.